इंजिन नवे, गिअरबॉक्स जुना

बँकेच्या सेवेत असताना कर्जदाराने आणलेला खर्चाचा अंदाज हाती आला की माझी नजर प्रथम शेवटच्या ओळींकडे जात असे. ज्यावाचून अडणार नाही असा खर्च माणूस बहुधा यादीच्या तळाशी लिहितो, अशी माझी समजूत होती. तेथे पेन्सिल चालवली की आकडा आटोक्यात येई आणि कर्जदारही फारशी कुरकुर करीत नसे. या समजुतीची खरी परीक्षा झाली ती निवृत्तीनंतर, परदेशात, एका जुन्या गाडीच्या निमित्ताने.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात चिरंजीवांकडे गेलो. सॅन होजे येथील त्याच्या घरासमोर १९८५ सालची फोक्सवॅगन कंपनीची एक चौकोनी गाडी उभी होती. छप्पर वर उचलले की दोघांची झोपण्याची सोय होई, मागचे आसन उलगडले की आणखी दोघांची. चालकाच्या मागे दोन बर्नरची गॅसची शेगडी, भांडी धुण्याचे छोटे बेसिन आणि लहानसा फ्रिज होता. अशा गाड्यांना तेथे कॅम्पर व्हॅन म्हणतात. चिरंजीवांना जुन्या यंत्रांचा नाद लहानपणापासूनचा. पण ही गाडी घेण्यामागचे खरे कारण सूनबाईंनी सांगितले. प्रवासात प्रत्येक उपाहारगृहात कांदा, लसूण, बटाटा यांची चौकशी करीत बसावे लागत नाही, पाणी गाळून-उकळून बरोबर ठेवता येते आणि सूर्य कलू लागला की असू तेथे गाडी थांबवून जेवून घेता येते. माझ्या पत्नीला तर ती गाडी पहिल्याच दिवशी पसंत पडली. रात्रिभोजनत्यागाचा नियम मोडावा न लागता जग पाहता येईल, हे तिला प्रथमच शक्य वाटले.

या गाडीचा वंश मोठा आहे. बेन पोन या डच व्यापाऱ्याने १९४७ साली आपल्या वहीत एका पेटीसारख्या गाडीचे ओबडधोबड चित्र काढले आणि १९५० साली जर्मनीत तिचे उत्पादन सुरू झाले. चित्र काढणारा माणूस अभियंता नव्हता, मोटारींची आयात करणारा व्यापारी होता, हे आपल्या वाचकांना सांगायला मला विशेष आनंद वाटतो. त्या पहिल्या गाडीचे इंजिन ११३१ सीसीचे आणि अवघ्या २५ अश्वशक्तीचे होते. इंजिन मागे, त्याच्यापुढे गिअरबॉक्स आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी मागच्या चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट, ही तिची मूळ मांडणी पुढे कित्येक वर्षे टिकली. वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने १९५१ पासून तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय बसवायला सुरुवात केली. १९७९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीला अमेरिकेत ‘व्हॅनागन’ हे नाव मिळाले. चिरंजीवांची गाडी याच पिढीतली, १.९ लिटरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची आणि ८२ अश्वशक्तीची.

चौतीस वर्षे चालून ते इंजिन थकले होते. माणसे, पाणी, भांडीकुंडी भरल्यावर गाडीचे वजन दोन टनांच्या वर जाई. सपाट रस्त्यावर ती मुकाट्याने चाले. चढ लागला की मागे वाहनांची रांग लागे. अशा गाड्या बाळगणारे बरेच लोक त्यात दुसरे इंजिन बसवतात. कोणी त्याच कंपनीच्या नव्या मोटारींचे इंजिन घेतो, कोणी डिझेल बसवतो. दक्षिण आफ्रिकेत हीच गाडी २००२ पर्यंत तयार होत असे. तेथे तर कंपनीनेच तिला पाच सिलिंडरचे मोठे इंजिन दिले होते. अमेरिकेत सर्वांत लोकप्रिय पर्याय म्हणजे सुबारू या जपानी कंपनीचे २.२ लिटरचे इंजिन. त्याचे कारण सोपे आहे. दोन्ही इंजिनांचे सिलिंडर उभे नसून आडवे, समोरासमोर असतात. त्यामुळे इंजिन बुटके राहते आणि मागच्या बिछान्याखालच्या अरुंद जागेत मावते. फिरण्याची दिशाही जुळते. म्हणून मूळ गिअरबॉक्स तसाच ठेवून, मध्ये जोडपट्टी बसवून हे इंजिन लावता येते. शक्ती मात्र १३० अश्वशक्ती, म्हणजे जुन्याच्या दीडपटीहून अधिक.

मे महिन्याच्या अखेरीस एका रविवारी चिरंजीवांनी खर्चाची यादी माझ्यापुढे ठेवली. “आप्पा, तुम्ही एकदा नजर घाला,” एवढेच तो म्हणाला. मुलगा चाळिशीकडे झुकला तरी यादी वडिलांना दाखवतो, याचे मला समाधान वाटले. सुस्थितीतील वापरलेले इंजिन, जोडपट्टी आणि फ्लायव्हील, विजेच्या तारांची जुळणी, जमिनीला लागू नये म्हणून उथळ केलेली तेलाची टाकी, रेडिएटरच्या नळ्या, तपासणीचा खर्च, असे सगळे क्रमाने लिहिले होते. अगदी शेवटची ओळ होती: गिअरबॉक्स उघडून पूर्ण दुरुस्ती. त्यापुढे साडेतीन हजार डॉलरचा आकडा होता.

मी विचारले, “गिअरबॉक्स बिघडला आहे का?”

“नाही. चालू आहे. पण जुना आहे, आणि—”

“चालू वस्तूवर साडेतीन हजार डॉलर कशाला घालतोस? पुढे बघू.” असे म्हणून मी ती ओळ पेन्सिलीने खोडली. ‘आणि’ या शब्दापुढे तो काय सांगणार होता, ते मी ऐकून घेतले नाही.

जूनअखेर नवे इंजिन बसले. कॅलिफोर्नियात इंजिन बदलल्यावर सरकारमान्य तपासनीसाकडे गाडी न्यावी लागते. बसवलेले इंजिन गाडीच्या सालापेक्षा जुने चालत नाही आणि धूर नियंत्रणाची मूळ सामग्री त्याच्यासह जशीच्या तशी असावी लागते. ती सारी कागदपत्रे मी स्वतः लावून दिली. तपासनीसाने शिक्का मारला तेव्हा जुन्या नोकरीची आठवण होऊन बरे वाटले. कागद पूर्ण होते, आणि कागद पूर्ण असले की व्यवहार सुरक्षित आहे असे मानण्याची मला चाळीस वर्षांची सवय होती.

गाडी आता चढावर सहज वेग घेई. चिरंजीवांचा उत्साह पाहण्यासारखा होता. ऑगस्टमध्ये क्लच घसरू लागला. पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढे, गाडी मात्र त्या प्रमाणात पुढे जात नसे. त्याने अधिक दाबाचा, मजबूत क्लच बसवला आणि तक्रार संपली. निदान आम्हाला तसे वाटले.

भाद्रपदात मिलपिटास येथील जैन मंदिरात आम्ही दशलक्षण पर्व केले. दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांच्या मूर्ती तेथे एकाच छताखाली विराजमान आहेत. परमुलखात ते दर्शन घेताना मन भरून येते. अनंत चतुर्दशी झाल्यावरच्या शनिवारी योसेमिटीचे डोंगर पाहण्यासाठी आम्ही सहकुटुंब निघालो. मोकासिन येथील जलाशय ओलांडला की त्या वाटेवर दोन रस्ते फुटतात. नवा रस्ता वळणावळणाने, अंतर वाढवून, सावकाश चढतो. जुना रस्ता दोनेक मैलांत दीड हजार फुटांहून अधिक उंची गाठतो. पूर्वीचे इंजिन असते तर जुन्या रस्त्याचा विचारही मनात आला नसता. चिरंजीवांनी हसून माझ्याकडे पाहिले आणि गाडी जुन्या रस्त्याकडे वळवली. मीही मान हलवून संमती दिली.

चढाच्या आरंभीच तिसऱ्या गिअरमध्ये त्याने पाय पूर्ण दाबला आणि मागून लाकूड मोडावे तसा आवाज आला. पाठोपाठ घरघर, आणि मग जे ऐकले ते मी विसरू शकत नाही. इंजिन पूर्ण जोमाने गर्जत होते आणि गाडी जागच्या जागी थांबत चालली होती. चिरंजीवांनी ब्रेक लावला, सुदैवाने बाजूला थोडी रुंद जागा होती तेथे गाडी मागे घेऊन उभी केली. मी खाली उतरून मागच्या चाकांना दगड लावले. सात वर्षांची नात घाबरून आजीला बिलगली होती.

गाडी ओढून नेणारा ट्रक यायला तीन तास लागणार होते. सूर्य मावळायला दीड तास होता. माझ्या पत्नीने काही न बोलता शेगडी पेटवली, मुगाची खिचडी टाकली आणि सूर्यास्तापूर्वी सर्वांना जेवायला घातले. गाडीचा तो भाग तरी निर्वेधपणे आपले काम करीत होता. पौर्णिमा आदल्याच रात्री होऊन गेली होती; डोंगराआडून चंद्र वर आला तरी आम्ही तेथेच बसलो होतो. चिरंजीव माझ्याशी नेहमीप्रमाणेच बोलत होता. खोडलेल्या ओळीचा त्याने शब्दानेही उल्लेख केला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

आठवड्याने गिअरबॉक्स उघडला तेव्हा मी कार्यशाळेत हजर होतो. तिसरा आणि चौथा गिअर ज्या दातेरी हबमुळे शाफ्टला जोडले जातात, तो हब तडकून त्याचा एक तुकडा निघाला होता. बेअरिंगे झिजली होती आणि तेलात धातूचा चुरा चकाकत होता. दोष कोणा कंपनीचा नव्हता. ८२ अश्वशक्तीसाठी घडवलेल्या आणि चौतीस वर्षे इमानाने राबलेल्या गिअरबॉक्सकडून आम्ही १३० अश्वशक्तीचे ओझे वाहण्याची अपेक्षा केली होती.

तेथील वयस्कर मेकॅनिकने मला जे समजावले ते एखाद्या उत्तम लेखापालाने समजवावे तसे होते. जुन्या इंजिनाचे पिळाचे बळ, म्हणजे टॉर्क, सुमारे १४० न्यूटन-मीटर. नव्याचे सुमारे १८५. फरक ४५ चाच दिसतो. पण गिअरबॉक्स हे बळ वाढवून चाकांकडे पोहोचवतो. पहिल्या गिअरमध्ये ते सतरा-अठरा पट होते. सतराने गुणले तर २३८० चे ३१४५ होतात. म्हणजे वाढ ४५ ची नव्हे, साडेसातशेहून अधिकची. ती सोसायची कोणी? गिअरचे दाते, बेअरिंगे, ड्राइव्ह शाफ्ट आणि त्यांच्या टोकांच्या सीव्ही जॉइंटनी. आपण चक्रवाढ व्याज समजावून सांगणारी माणसे; हे गुणाकार मला आधी सुचायला हवे होते.

त्याने दुसरी गोष्ट सांगितली ती याहून महत्त्वाची. तो म्हणाला की ऑगस्टमध्ये क्लच घसरत होता, ती सूचना होती. जादा बळ येताच क्लच थोडा घसरतो आणि पुढच्या भागांना धक्क्यापासून वाचवतो. आम्ही मजबूत क्लच बसवला तेव्हा ताण नाहीसा झाला नाही. तो पुढच्या दुर्बळ भागाकडे सरकला. आता केवळ गिअरबॉक्स भक्कम केला तर ताण सीव्ही जॉइंटकडे जाईल. म्हणून अशा गाडीचे काम चाकांकडून इंजिनाकडे करत यावे, इंजिनाकडून चाकांकडे नव्हे. आधी ब्रेक आणि वजन पेलणारे टायर, मग ड्राइव्ह शाफ्ट, मग गिअरबॉक्स, त्यानंतर क्लच आणि सर्वांत शेवटी इंजिन.

ते ऐकताना मला सांगलीतील एक हळदीचे व्यापारी आठवले. १९९० च्या सुमारास मी तेथील शाखेत कर्जविभाग पाहत होतो. त्यांचा धंदा लहान पण चोख होता. हळद दळण्याच्या मोठ्या यंत्रासाठी त्यांनी कर्ज मागितले आणि त्याबरोबर गोदाम, उधारी व मालखरेदीसाठी खेळते भांडवलही मागितले. यंत्राचे कर्ज मी लगेच मंजूर केले, कारण यंत्र डोळ्यांना दिसते आणि तारण राहते. खेळत्या भांडवलाच्या आकड्यावर मी पेन्सिल चालवली आणि ‘विक्री वाढल्यावर विचार करू’ असा शेरा मारला. विक्री वाढली, फार वेगाने वाढली. यंत्र अहोरात्र चालू लागले. पण उधारी वसूल होईना, कच्च्या मालाला रोकड उरेना, हिशेब लिहायला माणूस नव्हता. दोन वर्षांत पेढी बंद झाली. त्या सद्गृहस्थांनी घराशेजारची जागा विकून बँकेचा पैसा न् पैसा फेडला आणि मला एका शब्दाने दोष दिला नाही. कर्ज वसूल झाल्यामुळे कागदोपत्री माझा निर्णय बरोबरच ठरला. त्या रात्री मोकासिनच्या चढावर ऐकलेला आवाज, जोरात चाललेल्या इंजिनाचा आणि थांबलेल्या चाकांचा, मी त्यांच्या पेढीतही ऐकला होता. तेव्हा तो मला उमगला नव्हता, इतकेच.

आपल्याकडे सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्त्याग’ आणि ‘शक्तितस्तप’ अशा दोन भावना सांगितल्या आहेत. दान आणि तप आपल्या शक्तीनुसार करावे, शक्ती लपवू नये आणि तिच्यापलीकडेही जाऊ नये. माझी आई दर भाद्रपदात आदल्या वर्षापेक्षा एकच एकाशन अधिक करी. आम्ही मुले विचारीत, “एकदम दहा उपवास का करीत नाहीस?” ती म्हणे, “मनाला झेपेल रे, गुडघ्यांना झेपलं पाहिजे. घरातलं कामही केलं पाहिजे.” तिची शक्ती ती मनाच्या उत्साहावरून मोजत नसे, गुडघ्यांवरून मोजत असे. चाळीस वर्षे ताळेबंद वाचून जे मला नीट कळले नाही, ते तिला न शिकता कळले होते.

गिअरबॉक्सची पूर्ण दुरुस्ती झाली. हब, बेअरिंगे आणि पितळी सिंक्रो कड्या नव्या घातल्या. हमरस्त्यावर इंजिन उगाच जोरात फिरू नये म्हणून चौथ्या गिअरचे प्रमाणही बदलून घेतले. सीव्ही जॉइंट उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरले. त्यांच्या गोळ्यांची झीज एकाच बाजूने होते म्हणून डावा शाफ्ट उजवीकडे व उजवा डावीकडे लावला. पुढचे डिस्क आणि मागचे ड्रम ब्रेक तपासले, रबरी नळ्या बदलल्या. या सर्वाचा खर्च मी खोडलेल्या साडेतीन हजारांहून बराच अधिक आला. शिवाय गाडी ओढून आणण्याचे पैसे गेले ते वेगळे. निम्मी रक्कम मी दिली. चिरंजीव नको म्हणत होता; मी म्हटले, “मंजुरी माझी होती.”

त्याने स्वतःवरही एक मर्यादा घालून घेतली. हमरस्त्यावर ताशी साठ मैलांपलीकडे जायचे नाही आणि चढावर पाय पूर्ण दाबायचा नाही. इंजिनात शक्ती आहे म्हणून ती सारी वापरलीच पाहिजे असे नाही. परिग्रहपरिमाण व्रतात आपण जवळ काय ठेवायचे याची सीमा ठरवतो. जे आहे त्यातले वापरायचे किती, ही सीमा त्याच्याच शेजारची आहे, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे.

ऑक्टोबरअखेर, परतण्याच्या आठवडाभर आधी, आम्ही पुन्हा निघालो. मोकासिनला दोन रस्ते फुटतात तेथे चिरंजीवांनी या वेळी न विचारता नवा रस्ता धरला. रुंद जागा आली की तो बाजूला होऊन मागच्या वाहनांना पुढे जाऊ देई. माथ्यावर गाडी थांबवून आम्ही चहा केला. खालचा जलाशय दिसत होता. नात आजीबरोबर पाइन वृक्षांची फळे वेचत होती. सहा आठवडे मनात साठलेले मी तेव्हा बोललो. “ती ओळ मी खोडायला नको होती. तू काहीतरी सांगत होतास, तेही मी ऐकले नाही.”

तो थोडा वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “आप्पा, ती ओळ शेवटी लिहिली होती मीच. वर लिहिली असती तर तुम्ही खोडली नसती. मलाही इंजिनच हवं होतं. तुम्ही खोडलीत तेव्हा मला बरंच वाटलं होतं.”

यावर मला काही उत्तर सुचले नाही. खोडणाऱ्याइतकाच लिहिणाराही कधी कधी त्या पेन्सिलीची वाट पाहत असतो, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आले नव्हते. हळदीच्या त्या व्यापाऱ्यांनीही यंत्र पहिल्या ओळीत आणि भांडवल शेवटच्या ओळीत लिहिले होते. त्यांना बसवून ‘ही ओळ शेवटी का?’ एवढे विचारण्याचे काम माझे होते.

गाडी अजून धावते आहे. गेल्या महिन्यात चिरंजीवांनी पुढच्या वर्षीच्या कामांची यादी पाठवली. पहिल्या ओळीत ब्रेक, दुसऱ्यात टायर, तिसऱ्यात शाफ्ट, असा क्रम चाकांकडून सुरू झाला होता. मी ती दोनदा वाचली. पेन्सिल जवळच होती. तिने मी तळाशी एकच ओळ वाढवली, ‘गिअरबॉक्सचे तेल बदलून त्यात चुरा आहे का ते पाहणे’, आणि यादी त्याला परत पाठवली.